दातेरी सुरीला धार लावताना: काम खाचेत, सपाट बाजू सपाटच

प्रश्न थोडक्यात असा. २५ सेंटिमीटर पात्याची ब्रेडची दातेरी सुरी चार वर्षं वापरात आहे. आता लादी पाव कापताना पाव दबतो, खाली भुगा पडतो आणि टोमॅटोच्या सालीवरून सुरी घसरते. सुरी मधून ओढून धार लावायचं छोटं यंत्र आणलं, त्यातून दहा-बारा वेळा ओढली तर आणखी बिघडली. सायकलवरच्या धारवाल्याने हातात घेतली आणि ‘हिला धार लागत नाही’ म्हणून परत दिली. आता ती टाकून द्यायची का?

टाकू नका. धारवाला खोटं बोलला नाही, त्याच्या चाकावर हिला धार लागत नाहीच. सपाट चाकाला खाचेत शिरता येत नाही, ते फक्त दाते घासून काढतं. चार पैसे मिळत असताना त्याने सुरी तशीच परत दिली, म्हणजे माणूस जाणता आहे. साध्या सुऱ्या त्याच्याकडेच द्या. ही मात्र घरीच करावी लागेल. पहिल्यांदा तासभर लागेल, पुढच्या वेळी अर्धा तास.

आधी सुरी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी नीट बघा. एका बाजूला दात्यांच्या मधे गोलसर पन्हाळींसारख्या खाचा कोरलेल्या दिसतील, तिथे धातू उतरत उतरत धारेपर्यंत पातळ झालेला असतो. दुसरी बाजू मूठीपासून टोकापर्यंत सपाट, तिथे काहीच कोरलेलं नसतं. बहुतेक सगळ्या दातेरी सुऱ्या अशा एकाच बाजूने घडवलेल्या असतात. दोन्हीकडून खाचा असलेली क्वचित दिसते, तिच्यावर खालचीच रीत दोन्ही बाजूंनी करायची. पुढे ‘उतार’ म्हणेन ती कोरलेली बाजू आणि ‘सपाट बाजू’ म्हणजे दुसरी. धार म्हणजे हे दोन पृष्ठभाग जिथे भेटतात ती रेघ. दात्याचं टोक ही वेगळी वस्तू नाही. शेजारच्या दोन खाचा जिथे एकमेकींना भिडतात तिथे टोक आपोआप तयार होतं. म्हणून टोकाला धार लावायचीच नसते. दोन्हीकडच्या खाचा नीट घासल्या की टोक नवं होऊन येतं. दातेरी सुऱ्या बिघडतात त्या मुख्यतः हे न कळल्यामुळे.

ओढायच्या यंत्रात काय झालं तेही यावरून लक्षात येईल. त्यात कठीण धातूच्या दोन पट्ट्या फुलीसारख्या बसवलेल्या असतात. दातेरी पातं त्यातून जाताना पट्ट्यांना फक्त टोकं लागतात, खाचांचा तळ लागतच नाही. शिवाय पट्टी दोन्ही बाजूंनी खरवडते, त्यामुळे सपाट बाजूलाही टोकांवर एक छोटा उलटा उतार पडतो. दहा-बारा वेळा ओढल्यावर टोकं चपटी झाली, दात्यांची उंची कमी झाली, खाचा मात्र पूर्वीइतक्याच बोथट राहिल्या. पाव दबतो तो त्यामुळेच. दातेरी धारेचा सगळा खेळ असा, की सुरीचा भार सलग रेघेवर न पडता मोजक्या टोकांवर पडतो, टोकं कडक कवचात किंवा सालीत शिरतात आणि मग खाचेतली तिरकी धार पुढचं कापत जाते. टोक शिरलंच नाही तर खाचेला काम मिळत नाही. टोक शिरलं पण खाच बोथट असेल तर सुरी करवतीसारखी फाडत जाते, त्याचा भुगा होतो.

आता साधन. सगळ्यात सोयीचा म्हणजे निमुळता डायमंड रॉड, एका टोकाला दोन-तीन मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला साधारण सहा मिलिमीटर जाडीचा. नुसत्या बोथट सुरीला ६०० मेशचा पुरतो (मेश म्हणजे कणांचा नंबर, तो जितका मोठा तितके कण बारीक). तुमच्या सुरीची टोकं चपटी झाली आहेत, तेव्हा सुरुवात ३२५ मेशने आणि शेवट ६०० ने करावा. शेवटी सिरॅमिक रॉडचे दोन-तीन हात मारले तर छान, नाही मारले तरी पावाला फरक कळत नाही. हार्डवेअरच्या दुकानात दहा सुईकानसांचा डायमंड सेट स्वस्तात मिळतो, त्यातली गोल कानस चालेल, पण तिचे कण बरेच जाड असतात. हात अगदी हलका ठेवा आणि शेवट पॉलिश पेपरने करा. साधी पोलादी गोल कानस इथे कामाची नाही. स्टेनलेसच्या बऱ्या सुरीची कठीणता ५४ ते ५८ रॉकवेल असते, तिच्यावर कानस नीट चावत नाही, चुळचुळ करत घसरते आणि स्वतःच बोथट होते.

रॉड आणायचा नसेल तर काळा वॉटर पेपर (पाण्यात भिजला तरी चालणारा पॉलिश पेपर) आणि एक गोल दांडी एवढ्यावर काम उत्तम होतं. ब्रेडच्या सुरीला तर मी म्हणेन हेच जास्त बरं, कारण रुंद खाचेला सहा मिलिमीटरचा रॉड बारीक पडतो. इथे एक फसगत होते. सुरी समोरून पाहिली की खाच खोल, अर्धगोल वाटते आणि वाटतं की पेन्सिलीएवढी दांडी बसेल. पण दांडी खाचेत आडवी घुसत नाही, ती उताराच्या पन्हाळीत वीस-बावीस अंशांच्या कलाने निजते, आणि ती पन्हाळ समोरून दिसते त्यापेक्षा बरीच उथळ असते. म्हणून माप डोळ्यांनी घेऊ नका, दांडी उतारावर निजवून घ्या. बॉलपेनची रिफिल साधारण तीन मिलिमीटर, पेन्सिल सात, पेन दहाच्या आसपास, जाडा मार्कर पंधरा ते अठरा. एकेक निजवा, उजेडाकडे धरा. दांडीच्या दोन्ही कडांखालून उजेड येतो आणि मध्यभागी ती टेकते, म्हणजे दांडी बारीक. मधे उजेड आणि दोन्ही टोकांवर टेकलेली, म्हणजे जाड. जाड दांडी कधीच घेऊ नका, ती फक्त टोकं खाते. किंचित बारीक चालते, घासताना ती खाचेत डावी-उजवीकडे झुलवायची. ब्रेडच्या सुरीला बहुधा पेन ते मार्कर या दरम्यानची दांडी बसते. पेपर गुंडाळल्यावर जाडी अर्ध्या मिलिमीटरने वाढते हे धरून चाला. पेपरची दोन इंची पट्टी दांडीवर एकच वेढा घेऊन चिकटपट्टीने बांधा. दोन वेढे घेतले की पेपर फुगतो, मऊ पडतो आणि टोकं गोल करतो. आधी ४०० नंबर, मग ८०० किंवा १०००.

सुरी हातात धरून हे काम करू नये. दाते सरळ धारेपेक्षा वाईट जखम करतात, फाटकी आणि सावकाश भरणारी. घरात बसायचा लाकडी पाट असेल तर तो ओट्यावर ठेवा. सुरी पाटावर आडवी, सपाट बाजू खाली आणि उतार वर. पात्याची पाठ तुमच्याकडे, धार समोर, आणि धार पाटाच्या कडेबाहेर अर्धा सेंटिमीटर आलेली. मूठ जाड असल्यामुळे पातं पाटावर सपाट बसत नाही, म्हणून मूठ पाटाच्या बाजूच्या कडेबाहेर येऊ द्या. पात्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवून सी-क्लँपने आवळा. क्लँप नसेल तर दुसऱ्या कुणाला तरी मूठ धरायला लावा, बोटं पात्यावर नकोत.

कोन शोधायला मार्कर लागतो. दहा-बारा खाचांचे उतार काळ्या परमनंट मार्करने रंगवा. दांडी पात्याच्या पाठीवरून आणून पहिल्या खाचेत निजवा, तिचं पुढचं टोक धारेबाहेर किंचित खाली गेलेलं, हातातलं टोक पाठीच्या बाजूला वर उचललेलं. वीस अंशांचा उतार असेल तर धारेपासून दहा सेंटिमीटरवर दांडी सुमारे साडेतीन सेंटिमीटर उंच येते. एकच हलका हात मारा आणि बघा. शाई धारेलगतच गेली, म्हणजे हात फार वर. शाई वरच्या बाजूला गेली आणि धारेशी काळी रेघ राहिली, म्हणजे हात फार खाली. सुरुवातीला सगळ्यांचं हेच होतं, आणि अशा धारेवर तास घालवला तरी सुरी कापत नाही. उतारभर सारखी शाई गेली की तो तुमच्या सुरीचा कोन. हाताखाली पुस्तकांची चळत ठेवून तो पक्का करून टाका. मधे फक्त खाचेच्या तळाशी शाई जात असेल आणि टोकांजवळ राहत असेल, तर दांडी बारीक आहे. एक तर जाडी बदला किंवा झुलवा.

घासायची दिशा साधनावर ठरते. डायमंड रॉड धारेकडून पाठीकडे ओढला तर बर, म्हणजे धारेपलीकडे वळणारी धातूची बारीक कोर, कमी निघते आणि हात धारेपासून लांब जातो, तेव्हा तसाच ओढा. पॉलिश पेपर मात्र त्या दिशेने ओढला तर धारच त्याला चिरते. तो नेहमी पाठीकडून धारेबाहेर ढकलायचा, उचलायचा, परत पाठीशी आणायचा. हात दोन-तीन सेंटिमीटरचा पुरे, आणि ढकलताना बोटं पात्याच्या पाठीपुढे जाऊ द्यायची नाहीत. दाब पेन्सिलीने लिहिताना देतो तेवढाच. डायमंडला जोर लागत नाही, जोराने कण उखडतात आणि रॉड महिन्यात गुळगुळीत होतो.

एका खाचेला किती हात? नुसत्या बोथट सुरीला ६०० मेशचे पाच ते आठ. तुमच्या सुरीला ३२५ चे दहा-बारा लागतील. पण आकड्यापेक्षा बर महत्त्वाची. घासताघासता धारेपलीकडे धातूची एक अतिबारीक कोर सपाट बाजूला वळते, वर्कशॉपमध्ये तिलाच बर म्हणतात. सपाट बाजूवरून अंगठ्याचं पेर पाठीकडून धारेबाहेर हलकेच न्या, खरखरीत कड अडखळली की बर आली. बोटाने कळत नसेल तर कापसाचा बोळा फिरवा, तंतू अडकतात. बर खाचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आली पाहिजे. तळाशी आली आणि टोकांजवळ नाही, तर ती खाच अजून झालेली नाही. बर आल्यावर मात्र लगेच थांबा. त्यापुढचा प्रत्येक हात सुरीचं आयुष्य खातो, धारेत काही भर घालत नाही.

खाचांमधलं अंतर सात-आठ मिलिमीटर धरलं तर २५ सेंटिमीटरच्या सुरीला तीस-पस्तीस खाचा येतात. मूठीकडून सुरू करा. पहिल्या तीन-चारांवर हात बसेपर्यंत चुका होणारच, आणि मूठीजवळच्या खाचा तशाही कमी वापरात असतात. एका खाचेला आठ हात लागले तर शेजारच्यांनाही आठच. एखादी जास्त खोल झाली की तिच्या दोन्ही बाजूंची टोकं सरकतात आणि सुरी पावात धक्के खात चालते. काही सुऱ्यांवर दोन लहान आणि एक मोठी अशा खाचा फिरून फिरून येतात, खिशातल्या घडीच्या चाकूंवर हे जास्त दिसतं. तिथे आधी सगळ्या लहान उरका, मग दांडी बदलून सगळ्या मोठ्या.

आता सपाट बाजू. बर काढायची म्हणून लोक सुरी उलटी करतात, दगडावर थोडी उचलून धरतात आणि खरडतात. थोडी उचलली की दगडाला सगळ्यात आधी काय लागतं? टोकं, कारण तीच सगळ्यात खाली आहेत. खाचेतली बर जागेवरच राहते आणि आत्ता कमावलेलं टोक जातं. ओढायच्या यंत्राने जे केलं तेच आपण हाताने करतो. म्हणून सुरी दगडावर पूर्ण सपाट निजवायची, पाठसुद्धा टेकलेली. १००० नंबरचा किंवा त्याहून बारीक दगड, पाण्याने ओला, आणि मूठीकडून टोकाकडे सरकवत दोनच हलके हात. दगड नसेल तर काचेच्या तुकड्यावर १००० चा वॉटर पेपर पाण्याने चिकटवून चालतं. नंतर उताराच्या बाजूने प्रत्येक खाचेत बारीक रॉडचा एकेक हात, मग पुन्हा सपाट बाजूला एक. बर इकडून तिकडे झुलते आणि गळून पडते. शेवटी वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी सपाट बाजूवरून धारेबाहेरच्या दिशेने पुसल्यासारखी न्या.

पूर्ण सपाट घासण्यामागे आणखी एक गणित आहे, आणि बारीक दात्यांच्या सुऱ्यांचं उत्तर त्यातच आहे. खाचा एका सरळ दिशेने कोरलेल्या असतात. त्यामुळे सपाट बाजूचा एक पातळ थर सगळीकडून सारखा काढला, तर दात्यांचा आकार न बदलता सगळी धार जशीच्या तशी वर सरकते. उतार वीस अंशांचा असेल तर ०.१ मिलिमीटरचा थर काढल्यावर धार पाव मिलिमीटरच्या आसपास वर जाते, तेवढ्याने झिजलेली टोकं निघून खालून कोरी टोकं येतात. टोमॅटोच्या छोट्या सुऱ्या, जेवणाच्या टेबलावरच्या सुऱ्या यांचे दाते एक-दीड मिलिमीटरचे असतात. त्यात कुठलाही रॉड शिरत नाही, आणि शिरवायचा प्रयत्न केला तर तीन-तीन दाते एकदम सपाट होतात. अशा सुरीच्या उताराला हातच लावू नका. सपाट बाजू ६०० च्या दगडावर निजवून दहा-पंधरा हात, मग १००० वर पाच. कारखान्यातली धार येत नाही, पण टोमॅटो कापण्याइतकी नक्की येते. रंगीत मुलाम्याच्या पातळ सुऱ्या असतात, शंभर-दीडशे रुपयांच्या, त्यांच्यावर हा खटाटोप करू नये. मुलामा खरवडला जातो आणि पातं इतकं लवचिक असतं की सपाट बसतच नाही.

भात कापायचा दातेरी विळा नेमक्या याच तत्त्वावर चालतो. कोकणात वैभव विळा म्हणून मिळतो तसले विळे ‘धार लावावी लागत नाही’ असं सांगून विकले जातात. साध्या विळ्यासारखे ते दर दिवशी पाजवावे लागत नाहीत हे खरं, पण भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर असते आणि ती पोलाद झिजवतेच. विळ्याच्या एका अंगाला बारीक तिरक्या रेघा पाडलेल्या दिसतात, दुसरं अंग गुळगुळीत. रेघांच्या अंगाला कानस लावलीत तर विळा साधा झाला आणि साधा म्हणूनही वाईट. गुळगुळीत अंगावर, जिथे त्याला मुळात उतार दिला आहे तिथे, कुरुंदाचा दगड किंवा चपटी बारीक कानस सलग फिरवा. धार मागे सरकते आणि रेघा तिला जिथे छेदतात तिथे दाते पुन्हा उगवतात. रेघांत चिकटलेला चीक आणि चिखल आधी तारेच्या ब्रशने काढा. पुष्कळदा विळा बोथट नसतोच, रेघा बुजलेल्या असतात.

खवणीबद्दल वेगळा प्रश्न नाही, पण दातेरी धार म्हटल्यावर मराठी घरात पहिली वस्तू तीच. विळीच्या टोकावरची जुनी लोखंडी खवणी सुरीपेक्षा मऊ असते, तिला पोलादी कानस चावते. दात्यांमधली खाच गोल असेल तर गोल सुईकानस, त्रिकोणी असेल तर तिधारी. इथेही ज्या अंगाने दाते उतरते केले आहेत त्याच अंगाने, प्रत्येक खाचेत तीन-चार हात, सगळीकडे सारखे. लोक खवणीचा गोल घेर दगडावर फिरवून घेतात, त्याने टोकं चपटी होतात आणि नारळ खवण्याऐवजी चुरडला जातो. लोखंडाचा कीस दात्यांत अडकून राहतो. धुऊन कोरडी केल्यावर रिकाम्या करवंटीवर चार-सहा वेळा खवणी चालवा, बरही निघते आणि कीसही. ती करवंटी आणि पुढच्या नारळाचं पहिलं खोबरं टाकून द्या. मग धुऊन पुसून खोबरेलाचं बोट. पातळ पत्र्यातून ठोकून काढलेल्या स्टेनलेसच्या खवण्यांना मात्र फारसं काही करता येत नाही. दाते वाकले असतील तर पकडीने सरळ करा, झिजले असतील तर बदला.

सुरीकडे परत. धार तपासायला कागद कापून बघू नका. दातेरी सुरी नवीकोरी असली तरी कागद फाडू शकते, आणि बोथट असली तरी टोकं कागदात अडकून तो ‘कापल्यासारखा’ होतो. दोन्हीकडून फसवणूक. ताजा लादी पाव घ्या, सकाळी आणलेला मऊ. सुरी वर ठेवा, दाब अजिबात द्यायचा नाही, फक्त तिच्या वजनावर लांब पुढे-मागे न्या. दुसऱ्या-तिसऱ्या हेलपाट्यात ती वरचं तपकिरी कवच ओलांडून आत गेली पाहिजे आणि पावाची उंची कमी झालेली दिसता कामा नये. गोव्याकडे असाल तर पोई घ्या. तिचं कवच चिवट आणि आत पोकळ, बोथट सुरी तिला लगेच चपटी करते. टोमॅटोला सालीच्या बाजूने टेकवून एकदा ओढली की साल उघडली पाहिजे. एखाद्या ठरावीक जागीच अडखळत असेल तर तिथली खाच उजेडात धरून बघा. धारेवर चकाकणारी पांढरी रेघ दिसली, म्हणजे ती जागा अजून बोथट आहे. धारदार कड उजेड परतवत नाही, ती दिसतच नाही.

कापताना सुरी एका बाजूला सरकते अशी तक्रार धार लावल्यावर पुष्कळदा ऐकू येते. बर राहिली असेल तर तसं होतं, ती आधी तपासा. पण थोडं सरकणं एका बाजूने उतार असलेल्या कुठल्याही पात्याला असतंच, उतार पात्याला सपाट बाजूकडे लोटतो. उजव्या हाताने धरल्यावर उतार उजवीकडे असलेली सुरी किंचित डावीकडे जाते, म्हणून धारेची दिशा तेवढी उजवीकडे ठेवून कापायचं. डावखुऱ्यांच्या हातात तीच सुरी पावाबाहेर, कापाच्या बाजूला सरकत जाते. घरात डावखुरं कुणी असेल तर विकत घेताना उताराची बाजू बघून घ्या.

ग्राइंडरला हात लावायचा का? खाचेत शिरेल असं गोल चाक असेल आणि हात सराईत असेल तरी मी नको म्हणेन. दात्याचं टोक इतकं बारीक असतं की एका क्षणात ते निळं पडतं. साध्या पोलादावर निळा रंग म्हणजे तापमान तीनशे अंशांच्या घरात गेलं, पोलादाचं पाणी म्हणजे कडकपणा उतरला, तो दाता पुढे आठवडाभरही टिकत नाही. स्टेनलेसवर रंग उशिरा दिसतो, म्हणून ते जास्त फसवं. रॉडने काम करताना एवढी उष्णता तयारच होत नाही.

घरच्या वापरात, रोज चार-सहा पाव, इतकं सगळं दोन-तीन वर्षांतून एकदा पुरतं. सँडविचच्या किंवा वडापावच्या गाडीवर महिना-दोन महिन्यांनी. मधल्या काळात फक्त सपाट बाजूला सिरॅमिक रॉडचा एखादा हात, तोही निजवून. पण चार वर्षांत सुरी बोथट झाली त्यात पाव कापण्याचा वाटा थोडाच असणार. पाव मऊ आहे, तो पोलादाला काय करणार? ग्रॅनाइटचा ओटा आणि स्टीलचं ताट, हे दोन शत्रू. पाव संपतो तिथे सुरी शेवटच्या ओढीला खाली टेकतेच, आणि टेकतात ती टोकं. लाकडी फळी घ्या, नाहीतर मऊ प्लास्टिकची, काचेची कधीच नाही. फळीवर कापलेलं गोळा करायचं तर सुरीच्या पाठीने, धारेने खरडायचं नाही. दातेरी सुरीने कोथिंबीर चिरू नका, ती चिरली जात नाही, चेचली जाते आणि काळी पडते. लिंबू, टोमॅटो, अननस कापल्यावर सुरी सिंकमध्ये ठेवू नका. खाचांच्या तळाशी आंबट रस बसून राहतो आणि स्टेनलेसवरही बारीक काळे ठिपके पडतात, ते बरोबर धारेवरच असतात. स्पंजाने दात्यांवरून पुसलं तर स्पंज फाटतो, जुना टूथब्रश पाठीकडून धारेकडे चालवा. लगेच कोरडी करा. चमच्यांच्या खणात मोकळी टाकू नका. जाड पुठ्ठा दुमडून, कडेला चिकटपट्टी लावून म्यान करा, टोकं टिकतात आणि हात घालणाऱ्याची बोटंही.

तुमच्या सुरीबद्दल एक शक्यता राहते. खाचा घासायच्या आधी दात्यांची उंची मोजा. नव्या ब्रेडच्या सुरीत खाचेच्या तळापासून टोकापर्यंत दीड-दोन मिलिमीटर असतात. तुमच्यात एक मिलिमीटर उरली असेल तर वरच्या रीतीने ती नक्की परत येते, एका बैठकीत नाही तर दोन. अर्ध्याच्याही खाली गेली असेल तर खाचा पुन्हा कोरून काढणं हाताने होण्यासारखं नाही. मग ती त्या धारवाल्याकडेच परत न्या आणि ‘दाते काढून सरळ धार लावून द्या’ असं स्पष्ट सांगा. एखादा मिलिमीटर पातं जाईल, पण लांब, पातळ, सरळ धारेची सुरी हाती येईल. केक, कलिंगड, ढोकळा कापायला ती झकास आहे. फक्त लादी पावासाठी दुसरी घ्या, आणि ते ओढायचं यंत्र तिच्याजवळ ठेवू नका.